किमतीच्या चिठ्ठीसाठी पत्र्याचा होल्डर: जाडीच्या आधी फट ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लोखंडी रॅकच्या फळीच्या पुढच्या कडेवर किमतीच्या चिठ्ठ्या लावायला पत्र्याचा साधा होल्डर करायचा आहे. चिठ्ठी ३९ मिमी उंच, फळीची कड ३५ मिमी. तुम्ही १ मिमी पत्र्याची पट्टी घेतली, वर आणि खाली ४ मिमीची दुमड मारली. पण दुमड एका ठिकाणी दाबलेली, दुसऱ्या ठिकाणी उघडी अशी आली. चिठ्ठी एका टोकाला अडकते आणि दुसऱ्या टोकाला गळून पडते. म्हणून आता १.२ मिमीचा पत्रा घेऊन पाहावं का, असं तुम्ही विचारता.

घेऊ नका. जाड पत्र्याने हाच त्रास वाढेल. पत्रा कमजोर आहे म्हणून दुमड बिघडलेली नाही. ४ मिमीची दुमड १ मिमी पत्र्यात नेहमीच्या प्रेस ब्रेकवर (पत्रा दाबून वाकवायच्या मशीनवर) नीट बसतच नाही, म्हणून ती बिघडली आहे. दुसरं, पत्र्याची दुमड चिठ्ठीला दाबून धरेल अशी तुमची अपेक्षा दिसते. एवढ्या आखूड दुमडीत ती ताकद नसते. या दोन गोष्टी लक्षात आल्या की डिझाईन जवळजवळ आपोआप ठरतं.

आधी दुमडीचं बघू. प्रेस ब्रेकवर पत्रा व्ही डायच्या, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या साच्याच्या, दोन खांद्यांवर टेकतो आणि पंच, म्हणजे वरून दाबणारं हत्यार, मधून खाली येतो. वाकवायची बाजू इतकी लांब हवी की शेवटपर्यंत ती खांद्यावर टेकून राहील. आखूड पडली की ती व्हीमध्ये घसरते, तीही सगळीकडे सारखी नाही. मग घडीची रेघ वाकडी होते आणि दुमड कुठे ३ मिमी, कुठे ५ मिमी अशी निघते. तुमच्याकडे झालं ते हेच. काटकोनासाठी मी व्हीच्या रुंदीच्या पाऊण पटीइतकी बाजू किमान धरतो. पत्रा पूर्ण उलटा दुमडायचा असेल तर आधी ३० अंशांपर्यंत टोकदार वाकवावा लागतो आणि मग चपटा करावा लागतो. त्यासाठी मी व्हीच्या सव्वा पटीपेक्षा कमी बाजू ठेवत नाही. पातळ पत्र्याला व्हीची रुंदी जाडीच्या सहा ते आठ पट लागते. म्हणजे १ मिमी पत्र्याला व्ही ६ किंवा ८, आणि दुमड किमान साडेसात ते दहा मिमी. ३९ मिमीच्या चिठ्ठीवर वरून आणि खालून एवढी पट्टी आली तर किंमत लिहायची कुठे?

आता ०.६ मिमी पत्रा घ्या. त्याला व्ही ४ चालतो आणि दुमड ५ मिमीपर्यंत खाली आणता येते. दुमड अरुंद हवी असेल तर पत्रा पातळच घ्यावा लागतो. मजबुतीची काळजी करू नका. वर आणि खाली दुमडलेली पट्टी सपाट पट्टीपेक्षा कितीतरी ताठ असते, आणि होल्डर शेवटी फळीच्या कडेला टेकलेलाच असतो. व्ही ४ सगळ्यांकडे नसतो, हे मात्र आधी विचारून घ्या. नसेल तर हाताने चालवायच्या फोल्डिंग मशीनवर हे काम होतं. तिथे पत्रा जबड्यात धरलेला असतो, त्यामुळे आखूड बाजू घसरायचा प्रश्न बराच कमी होतो. छोट्या संख्येसाठी मला तो मार्ग जास्त आवडतो.

जाडी सांगताना मिमीमध्येच सांगा, गेजमध्ये (जाडीच्या क्रमांकात) नको. गेजचे तक्ते एकाहून अधिक आहेत आणि एकाच आकड्याचा अर्थ तक्त्यानुसार बदलतो. ‘२४ गेज’ म्हणून आलेला पत्रा कॅलिपरने मोजल्याशिवाय मी कापायला देत नाही.

दुसरा मुद्दा पकडीचा, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. मऊ पोलाद थोडं वाकवलं तर परत येतं, जास्त वाकवलं तर तसंच राहतं. ही मर्यादा काढायला सोपं सूत्र आहे. एका टोकाला धरलेल्या पट्टीचं मोकळं टोक कायमचं न वाकता किती सरकू शकतं, तर लांबीचा वर्ग गुणिले पोलादाचा लवचिक ताण (स्ट्रेन, म्हणजे लांबीच्या प्रमाणात होणारी वाढ) गुणिले २, भागिले जाडीची तिप्पट. पत्र्याची यील्ड ताकद, म्हणजे जिथून तो कायमचा वाकायला लागतो ती मर्यादा, साधारण २५० मेगापास्कल धरली तर हा ताण ०.००१२५ येतो. तुमची ४ मिमीची दुमड १ मिमी जाडीत घाला. उत्तर येतं ०.०१३ मिमी. कागदाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या भागाएवढंच. त्यापेक्षा जास्त उचलली की ती उचललेलीच राहणार. ०.६ मिमी पत्र्यात ५ मिमीची दुमड घेतली तरी ०.०३५ मिमीच. म्हणजे दुमड ही फक्त भिंत आहे, चिमटा नाही. कोणी नखाने ती थोडी उचलून चिठ्ठी घातली तर तिथे दुमड आणि पाठ यांच्यातली फट कायमची वाढते. तुमची चिठ्ठी एका टोकाला गळते त्याचं हेही एक कारण असू शकतं.

मग पकड आणायची कुठून? चिठ्ठीतूनच. कार्ड किंवा प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त वाकून परत येतो. तेव्हा स्प्रिंगचं काम त्याच्याकडे सोपवायचं. मी होल्डरच्या पाठीला मधोमध, लांबीच्या दिशेने, अगदी हलकी घडी मारतो, दोन्ही बाजूंना तीन-तीन अंशांची. ४० मिमीच्या पाठीत मधली रेघ साधारण १ मिमी पुढे येते. चिठ्ठी वर आणि खाली दुमडीमागे अडकते आणि मध्ये ही रेघ तिला पुढे ढकलते. तीन ठिकाणी टेकल्यामुळे ती किंचित वाकते आणि जागेवर बसते. हाताने सरकवली तर सरकते, ट्रॉलीच्या धक्क्याने सरकत नाही. घडी आडवी असल्यामुळे लांब पट्टीत चिठ्ठी कुठेही ठेवली तरी पकड सारखीच मिळते.

आता फट. कॅलिपर घ्या आणि तुम्ही प्रत्यक्ष वापरणार तीच चिठ्ठी मोजा. ८० ग्रॅमचा नेहमीचा कागद साधारण ०.१ मिमी भरतो. तोच १२५ मायक्रॉनच्या पाऊचमध्ये लॅमिनेट केला तर ०.३५ मिमी. कागदापुढे ०.३ मिमीचा पारदर्शक तुकडा ठेवला तर दोन्ही मिळून ०.४ मिमी. जाड कार्डावर छापलं तर ०.३ ते ०.४. यातला जो प्रकार तुमचा असेल त्याच्या दुप्पट ते अडीचपट फट मी ठेवतो, म्हणजे बहुतेक वेळा १ मिमीच्या आसपास. याहून घट्ट केली तर रोज किंमत बदलणारा माणूस कंटाळतो आणि नख घालून दुमड उचकटायला लागतो. नुसता उघडा ०.१ मिमीचा कागद मात्र या होल्डरमध्ये सैलच राहील, कारण मधली रेघ त्याला ताण देण्याइतकी पुढे येत नाही. पुढे पारदर्शक तुकडा द्या. कागद ओल्या फडक्यापासूनही वाचतो.

१ मिमी फट नेमकी आणायची युक्ती सोपी आहे. घडी आधी ३० अंशांपर्यंत वाकवा. आत १ मिमी जाडीची, होल्डरपेक्षा थोडी लांब, गुळगुळीत स्टेनलेसची पट्टी घाला. मग दाबून चपटं करा आणि पट्टी टोकाकडून ओढून काढा. पत्रा थोडा मागे येतोच, म्हणून तोंडाशी फट १.१ किंवा १.२ मिमी भरेल. ते चालतं. तोंड किंचित मोठं आणि बूड अरुंद असलं तर चिठ्ठी घालायला बरंच पडतं. आत पट्टी न घालता नुसत्या अंदाजाने ‘थोडी उघडी दुमड’ मागितली, तर दोन नग सारखे येणार नाहीत.

मापं आता अशी बसतात. दुमडींच्या आतल्या बुडापासून बुडापर्यंत ४० मिमी, म्हणजे ३९ मिमीच्या चिठ्ठीला १ मिमी मोकळीक. फट १ मिमी असल्यामुळे घडीची आतली त्रिज्या ०.५ मिमी, आणि पाठीचा सरळ भाग ३९ मिमी. प्रत्येक पूर्ण घडीला लागणारा पत्रा म्हणजे ३.१४ गुणिले, त्रिज्या अधिक जाडीच्या ०.४२ पट. इथे ते २.३६ मिमी येतं. दुमड बाहेरून ५ मिमी हवी तर तिचा सरळ भाग ३.९ मिमी. सगळं मिळून ३९ अधिक ४.७२ अधिक ७.८, म्हणजे साडेएक्कावन्न मिमी रुंदीची पट्टी कापायची. ०.४२ हा के-फॅक्टर, म्हणजे घडीला लागणारा पत्रा काढायचा गुणक, मशीन, डाय आणि पत्र्यानुसार थोडा हलतो. म्हणून पहिला तुकडा दुमडून मोजा आणि त्या मापाने पट्टीची रुंदी सुधारा. मगच बाकीच्या पट्ट्या कापा.

दोन्ही दुमडी मी मुद्दाम सारख्या ठेवल्या आहेत. वरची आखूड आणि खालची लांब करण्यात फायदा आहे, पण लावणारा माणूस कधीतरी उलटी लावतोच. सारख्या असल्या तर उलटं-सुलटं काही उरत नाही. दोन्ही दुमडींच्या मध्ये चिठ्ठीचा सुमारे ३१ मिमी भाग दिसतो. तेव्हा छापणाऱ्याला सांगा की वर आणि खाली ५-५ मिमी कोरं सोडायचं. चिठ्ठीवर बारकोड असेल तर डाव्या-उजव्या बाजूचंही भान ठेवा. नेहमीच्या १३ अंकी बारकोडला मूळ आकारात डावीकडे ३.६ मिमी आणि उजवीकडे २.३ मिमी कोरी जागा लागते. लांब पट्टीत ती आपोआप मिळते. एकेका चिठ्ठीचा छोटा होल्डर करून बाजूलाही दुमड दिली, तर तीच दुमड या कोऱ्या जागेवर येते आणि स्कॅनर अडखळतो.

छोटा होल्डर करावा की लांब पट्टी, हे तुमच्या मालावर अवलंबून आहे. वस्तूंच्या जागा वारंवार बदलत असतील तर लांब पट्टीच बरी. तिची लांबी फळीपेक्षा २-३ मिमी कमी ठेवा, नाहीतर शेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींना ढकलतात. जागा ठरलेल्या असतील, उदाहरणार्थ गोदामातले सुट्या भागांचे कप्पे, तर चिठ्ठीएवढा छोटा होल्डर पुरतो. त्याला डावी, उजवी आणि खालची अशा तीन दुमडी द्या आणि वरून उघडा ठेवा. कोपऱ्यात दुमडी एकमेकींवर येऊ नयेत म्हणून पत्रा कापतानाच तिथे खाच ठेवावी लागते. खालच्या दुमडीत मधोमध १२ मिमीचा अर्धगोल कापून घ्या. तिथून बोटाने वर ढकललं की चिठ्ठी निघते. एवढी सोय नसेल तर लोक स्क्रूड्रायव्हर घालतात आणि रंग ओरबाडला जातो.

धारेबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ड्रॉइंगवर हे कोणी लिहीत नाही. अशा दुमडीत पत्र्याची कापलेली कड नेमकी चिठ्ठीच्या समोर येते. दिवसभर किंमती बदलणाऱ्याचं बोट जिथे सरकतं, तिथेच. शिअरिंगने (मशीनच्या कात्रीने) कापलेल्या कडेला एका बाजूला बर, म्हणजे बारीक धारदार कंगोरा, राहतो. तो बाहेरच्या बाजूला आला तर बोट कापतं. आतल्या बाजूला आला तर चिठ्ठी आणि पारदर्शक तुकडा खरवडले जातात. म्हणून बर कुठल्या बाजूला ठेवायचा या वादात पडू नका, पट्टी सपाट असतानाच तो काढा. दुमडल्यावर तिथे कानस पोचत नाही. चारही टोकांना २-३ मिमीची गोलाई द्या. नग तयार झाला की कापसाचा बोळा कडेवरून पूर्ण लांबी फिरवा. कुठेही तंतू अडकला तर तो नग परत पाठवा.

रंगाचा विचार पत्रा निवडतानाच करावा लागतो. साधा सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला बिनजस्ताचा पत्रा दुमडून नंतर पावडर कोटिंग करायचं असं बहुतेकांच्या मनात असतं. पण १ मिमी फटीच्या आत पावडर नीट पोचत नाही, कारण विद्युतभारामुळे ती कडांवरच ओढली जाते. त्याआधीच्या धुण्याचं पाणी आणि रसायन मात्र फटीत बरोबर पोचतं. ते भट्टीत बाहेर येऊन डाग पडतात, आणि आत राहिलं तर गंज सुरू होतो. शिवाय कोटिंगची जाडी दर बाजूला ६० ते ८० मायक्रॉन असते. तोंडाशी दोन्ही बाजू मिळून फट ०.१२ ते ०.१६ मिमीने कमी होते, तीही असमान. म्हणून या कामाला मी जीपी पत्रा, म्हणजे जस्ताचा थर असलेला पत्रा वापरतो आणि तसाच सोडतो. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅमच्या थरात दर बाजूला साधारण ८ मायक्रॉन जस्त असतं. पातळ पत्र्याच्या कापलेल्या कडेलाही ते बऱ्यापैकी सांभाळतं. रंग हवाच असेल तर आधीच रंगवलेला पत्रा आणा, वरची संरक्षक फिल्म ठेवूनच वाकवा आणि फिल्म शेवटी काढा. इतक्या लहान त्रिज्येत त्याचा रंग घडीवर तडकू शकतो, म्हणून एक तुकडा वाकवून घडी भिंगाखाली पाहा. दमट किंवा थंड खोलीसाठी मात्र स्टेनलेसच घ्यावं.

फळीवर बसवायचं कसं, हे मी इथून ठामपणे सांगू शकत नाही, कारण तुमच्या फळीच्या कडेची घडी मला दिसत नाही. तुमची कड ३५ मिमी आणि होल्डर बाहेरून ४१ मिमीच्या थोडा वर, म्हणजे ६ मिमी कुठेतरी बाहेर येणार. वर येऊ दिला तर फळी पुसताना आणि माल ओढताना दुमडीला धक्के बसतात. खाली येऊ दिला तर खालच्या फळीवरची उंच वस्तू काढताना अडते. खालच्या फळीवर मोकळी जागा असेल तर खाली सोडा. पण त्याआधी एक विचारतो: चिठ्ठी ३९ मिमीचीच हवी, की ३२ मिमीची चालेल? छपाई तुमच्या हातात असेल तर चिठ्ठी लहान करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

चिकटवायचं असेल तर १ मिमी जाडीची फोमची दुहेरी टेप चांगली धरते. पाठीला मधली घडी असल्यामुळे टेप मधोमध लावू नका, तिथे पाठ फळीला टेकतच नाही. वरच्या आणि खालच्या कडेजवळ दोन अरुंद पट्ट्या लावा. फळीचा तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दाबून बसवा आणि एक दिवस धक्का लावू नका. जागा बदलायची असेल तर रबर मॅग्नेट चालतो, पण तो आडवा सरकतो आणि रंगाचा थर जाड असेल तर पकड कमी होते. ट्रॉल्या आपटतात अशा ठिकाणी दोन टोकांना ३.२ मिमीचे रिव्हेट मारा आणि विषय संपवा.

फळीच्या कडेत अडकणारा आकडा (हूक) होल्डरच्याच पत्र्यातून काढायचा असेल तर वरचं सूत्र पुन्हा लावा. २५ मिमी लांब आकडा ०.६ मिमी पत्र्यात साधारण ०.८७ मिमी उघडून परत येतो. १ मिमी पत्र्यात हेच ०.५२ मिमी. जाड पत्रा जास्त घट्ट धरेल असं वाटतं, पण बसवताना तो लवकर कायमचा वाकतो आणि दुसऱ्यांदा बसवला की सैल पडतो. आकडा ९० ऐवजी ८८ अंशांना वाकवला तर बसवल्यावर थोडा ताण राहतो. रॅकच्या कडेची मापं मात्र चार-पाच फळ्यांवर वेगवेगळी घ्या. एकाच रॅकच्या फळ्यांमध्येही अर्धा मिमी फरक मिळतो, आणि इथे अर्धा मिमी म्हणजे आकड्याची निम्म्याहून जास्त स्प्रिंग.

डोळ्याच्या उंचीच्या फळीवर होल्डर सरळ उभा ठीक आहे. गुडघ्याखालच्या फळ्यांवर तो १५ ते ३० अंश वर कलवला तर वाकावं लागत नाही. पण कलवलेल्या पारदर्शक तुकड्यात छताचे दिवे चमकतात आणि आकडा दिसेनासा होतो. तिथे मॅट तुकडा वापरा.

संख्या किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. शे-दोनशे नगांपर्यंत फोल्डिंग मशीन किंवा प्रेस ब्रेक योग्य. हजारोंनी हवे असतील तर रोल फॉर्मिंगवाल्याला दाखवा. तिथे फट रोलरच ठरवतात, आत पट्टी घालायची गरज राहत नाही. आणि साध्या दुकानात, जिथे ठोकर बसत नाही आणि उष्णताही नाही, तिथे तयार मिळणारी प्लास्टिकची पट्टी पत्र्यापेक्षा स्वस्त पडते. पत्रा तिथेच वापरा जिथे प्लास्टिक तुटतं, पिवळं पडतं किंवा मऊ होतं.

काम देताना ड्रॉइंगवर सहनमर्यादा दोनच मापांना द्या: आतली उंची ४० मिमी, अधिक ०.५, उणे शून्य. आणि फट ०.९ ते १.२ मिमी. बाकी मापं सर्वसाधारण मर्यादेत चालतील. सगळ्याच मापांना बारीक मर्यादा दिल्या की काम महाग होतं आणि महत्त्वाच्या दोन मापांकडेच दुर्लक्ष होतं. क्रमही लिहा: आधी बर काढणे, मग मधली हलकी घडी, मग एक दुमड पूर्ण चपटी, मग दुसरी. मधली घडी शेवटी ठेवली तर दोन्ही दुमडींच्या मध्ये पंच घालायला अडचण होते.

सगळे नग एकदम करू नका. पूर्ण लांबीचे दोनच करा आणि एक तुमच्या सगळ्यात गर्दीच्या फळीवर लावा. रोज किंमती बदलणाऱ्या माणसाला काही न सांगता आठवडाभर वापरू द्या, मग दोन्ही टोकांना आणि मध्ये फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजा. सुरुवातीच्या मापापेक्षा ०.२ मिमीहून जास्त वाढली असेल तर तो नख घालून उचकटतोय. तेव्हा पत्रा बदलू नका, पारदर्शक तुकडा अर्धा मिमी आखूड कापा.